डब्यातली ताकद

(उन्हाळ्यात शरीर कसे सांभाळावे आणि ताकदीच्या पावडरी व गोळ्या यांवर किती विसंबावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, एप्रिल महिना आला की आपल्या मालेगावात दुपारी रस्ते ओस पडू लागतात. पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग मात्र चालूच असतात आणि त्यांवरचे कामगार घामाने भिजून जातात. याच महिन्यात परीक्षा संपतात. सुट्टीत व्यायाम करून शरीर कमवावे, असे तुमच्यापैकी पुष्कळ जणांना वाटते. ही इच्छा चांगली आहे. पण तिच्यापायी माझ्या एका विद्यार्थ्यावर काय प्रसंग आला, तो आधी ऐका.

हा मुलगा नववीत होता. त्याचे अब्बा यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ईदीचे जमवलेले पैसे आणि अब्बांकडून हट्टाने घेतलेले पैसे मिळून त्याने ताकदीच्या पावडरीचा एक मोठा डबा आणला. डब्यावर पिळदार दंडाच्या पहिलवानाचे चित्र होते. "एका महिन्यात शरीर बनेल," असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळचा नाश्ता सोडला. पावडर घोटभर पाण्यात कालवून प्यायची आणि मैदानावर धावायला जायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. सुट्टीमुळे उठायला उशीर होई. त्यामुळे तो दहा-अकरा वाजताच्या उन्हात धावत असे.

पाचव्या दिवशी धावता धावता त्याला चक्कर आली. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी जवळच राहतो, म्हणून मुले मला बोलवायला आली. आम्ही त्याला निंबाच्या सावलीत निजवले, सदऱ्याची बटणे सोडली, ओल्या रुमालाने अंग पुसले. तो शुद्धीवर होता आणि बोलत होता, म्हणून मीठ-साखरेचे पाणी त्याला थोडे थोडे पाजले. मग डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले आहे. वेळेवर सावलीत आणलेत, हे बरे केलेत."

संध्याकाळी तो डबा घेऊन माझ्या घरी आला. "सर, पावडर तर रोज घेत होतो. मग ताकद गेली कुठे?" असे त्याने विचारले. त्याच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा पाठ आहे.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर कितीही ऊन असले तरी ते तेवढेच राहावे लागते. हे काम घाम करतो. मातीचा माठ आठवा. माठातले पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार होते. आपल्या त्वचेवरचा घाम वाळतो तेव्हा हेच घडते. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला तासाभरात एक लिटर घाम सहज येऊ शकतो. पण माठात पाणीच घातले नाही तर माठ गार कसा होणार? शरीराचेही तसेच आहे.

घामाबरोबर मीठही बाहेर जाते. घाम जिभेला खारट लागतो, तो त्यामुळेच. पाणी आणि मीठ दोन्ही कमी झाले की थकवा येतो, डोके दुखते, स्नायूंत गोळे येतात. त्या मुलाच्या शरीराला त्या वेळी पाणी, मीठ, सावली आणि विश्रांती हवी होती. यांतली एकही गोष्ट डब्यात नव्हती.

मग डब्यात काय असते? अशा पावडरींत मुख्यतः प्रथिने असतात. प्रथिनांपासून स्नायू बनतात, हे खरे आहे. पण शरीराला ती किती लागतात? वाढत्या वयाच्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलाला सुमारे ४५ ग्रॅम. आता घरातला हिशोब करू. दिवसभराच्या पोळ्यांसाठी २०० ग्रॅम कणीक लागली तर तीतून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ सुमारे १४ ग्रॅम देते. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ग्रॅम आणि मूठभर फुटाण्यांत आणखी ६ ग्रॅम. बेरीज ५२ झाली! शिवाय धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. म्हणून डाळ-पोळी किंवा खिचडी हे साधे जेवण चांगली प्रथिने पुरवते.

गरजेपेक्षा जास्त प्रथिने खाल्ली तर त्यांचे स्नायू होत नाहीत. स्नायू वाढतात ते व्यायाम, पुरेसे जेवण आणि झोप या तिन्हींमुळे. जादा प्रथिनांतला टाकाऊ भाग मूत्रपिंडांना लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो. त्यासाठी पाणी लागते. उन्हाळ्यात आधीच पाणी कमी पडत असते, त्यात ही भर! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराचे नियम प्रसिद्ध केले. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे, असा सल्ला त्यांत दिला आहे.

मी तो डबा फिरवून फिरवून पाहिला. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. तयार केल्याची तारीख नव्हती. खाण्याच्या बंद डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक छापावा लागतो. तोही नव्हता. अशा डब्यांत नेमके काय भरले आहे, हे कोणी सांगू शकत नाही. काही बनावट पावडरींत वेष्टनावर न छापलेली औषधेसुद्धा सापडली आहेत. अब्बांच्या कित्येक रात्रींची मजुरी या डब्यात गेली होती. हे सांगताना त्या मुलाचे डोळे भरून आले.

तर मग गोळ्या आणि पावडरी सगळ्याच निरुपयोगी आहेत का? नाही. त्यांना 'पूरक आहार' म्हणतात. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारा. उणीव असेल तरच भरायची. ती आहे की नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगावे, दुकानदाराने नव्हे. जीवनसत्त्वांचेच पाहा. 'ब' आणि 'क' ही जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे निघून जातात, म्हणजे पैसे वाया जातात. पण 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात आणि फार साठली तर अपाय करतात.

खरी उणीव कशी असते, याचे एक उदाहरण देतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ होते. अशक्तपणाचे हे एक मोठे कारण आहे. यासाठीच सरकारतर्फे शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी फुकट दिली जाते. कित्येक मुली ती हळूच फेकून देतात आणि बाजारातल्या महागड्या डब्याची मात्र चौकशी करतात! ही गोळी जेवणानंतर घ्यावी. जेवणात लिंबू पिळले तर लोह अंगी चांगले लागते. गोळीबरोबर चहा मात्र घेऊ नये.

आता उन्हाळ्यातल्या सर्वांत उपयोगी पूरक वस्तूची गोष्ट ऐका. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. जुलाबांनी माणसांच्या अंगातले पाणी व क्षार निघून जात. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. आजाऱ्यांचे नातेवाईकच ते पाणी पाजत. आधी १०० रुग्णांपैकी सुमारे ३० दगावत होते, ते प्रमाण ४ च्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

या पाण्यात एवढी शक्ती कशी? आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा ती मिठालाही बरोबर घेऊन जाते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी रक्तात जाते. हेच ते ओआरएस. त्याची पुडी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी आणि ते पाणी २४ तासांच्या आत संपवावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रमाण मात्र चुकवू नये. बाजारात ओआरएस हे नाव लावून गोड पेयेही विकली जात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून हे पाणी घ्यावे.

रोजच्यासाठी मात्र घरातलीच पेये पुरेशी आहेत. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत, सब्जा घातलेले पाणी ही सगळी उन्हाळ्याचीच पेये आहेत. मालेगावातील अनेक विणकर कुटुंबांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून आले. तिकडे भाजलेल्या हरभऱ्याचे सत्तू पाण्यात कालवून, त्यात मीठ, लिंबू व कांदा घालून पिण्याची जुनी चाल आहे. त्यात प्रथिने आहेत, मीठ आहे आणि पाणीही आहे. बाटलीतली रंगीत सरबते चवीला ठीक, पण त्यांत साखर फार असते. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा जपून खावा. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही आणि घाणेरड्या पाण्यातून कावीळ व विषमज्वर होतो.

रमजान महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१७ आणि २०१८ साली तो मे-जूनच्या उन्हात आला होता. अशा दिवसांत सहरीला एकदम तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे. तळलेले व खारट पदार्थ कमी खावेत. खजूर, कलिंगड, काकडी, दही जास्त घ्यावे. व्यायाम हलका करावा आणि तोही सूर्य मावळल्यावर.

व्यायामाचीही रीत आहे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी थोडे धावा, मग हळूहळू वाढवा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी धावा. उपाशीपोटी धावू नका. तहान लागण्याची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजा. एखाद्याचे अंग फार तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

त्या मुलाने पुढे काय केले? त्याने पावडर घेणे बंद केले. पहाटे फजरच्या नमाजनंतर तो धावू लागला. परत आला की दादी त्याला सत्तूचा पेला देई. जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा तो न थांबता मैदानाच्या दहा फेऱ्या मारत होता. तो रिकामा डबा मात्र त्याने टाकला नाही. "सर, दादी त्यात फुटाणे भरून ठेवते," असे त्याने हसत सांगितले. मी म्हणालो, "आता त्या डब्यात खरी ताकद आली!"

शब्दार्थ

ओस पडणे – रिकामे, सुनसान होणे
झिरपणे – हळूहळू बाहेर येणे
उणीव – कमतरता
पटकी – कॉलरा
दगावणे – मरण पावणे
चाल – रीत, पद्धत
असंबद्ध – अर्थ न लागणारे

स्वाध्याय

१. मैदानावर मुलाला चक्कर का आली?
२. माठातले पाणी आणि आपले शरीर कसे गार होते, ते सांगा.
३. लेखकाला डब्यावर कोणत्या गोष्टी आढळल्या नाहीत?
४. बनगावच्या छावणीतील प्रसंग पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या घरी उन्हाळ्यात कोणती पेये करतात? त्यांपैकी एकाची कृती घरी विचारून मराठीत लिहा.