ताऱ्याची सही

गृहप्रवेशानंतर ताटातल्या तांदळांत अंगठीने नव्या सुनेचे नाव लिहायची रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून आहे. माहेरचे नाव कुठे गेले, हे मग फारसे कोणी विचारत नाही. चित्रकलेच्या इतिहासात असे हरवलेले एक नाव पुन्हा कसे सापडले, ते आज सांगायचे आहे.

यूडिथ लेस्टर १६०९ मध्ये हॉलंडमधल्या हार्लेम येथे जन्मली. वडिलांच्या बिअरच्या भट्टीचे नाव ‘लेस्टर’, म्हणजे वाट दाखवणारा तारा. घराण्याने तेच आडनाव घेतले. यूडिथ चित्रावर आपली आद्याक्षरे गुंफून लिही आणि त्यांना जोडून एक चांदणी काढी. १६३३ मध्ये गावच्या चित्रकारसंघाने तिला सभासद करून घेतले. बाईला हा मान क्वचितच मिळे. त्यामुळे तिला स्वतःचे शिष्य ठेवता येऊ लागले. दोन वर्षांनी एक शिष्य तिला सोडून फ्रान्स हाल्स या नामांकित चित्रकाराकडे गेला, तेव्हा तिने सरळ संघापुढे तक्रार नेली. हाल्सचा मोठेपणा तिच्या आड आला नाही.

१६३६ मध्ये तिने यान मोलेनार या चित्रकाराशी लग्न केले. त्यानंतरची तिच्या हातची चित्रे फार थोडी. १६६० मध्ये ती गेली, आठ वर्षांनी नवराही गेला. घरातल्या वस्तूंची यादी झाली, तीत तिची काही चित्रे ‘मयताच्या पत्नीची’ म्हणून नोंदली गेली. कारकुनाला नाव लिहायचा कंटाळा आला असावा!

पुढे तिची चित्रे हाल्सच्या किंवा नवऱ्याच्या नावावर गेली. तिची रेघ हाल्ससारखी सैल आणि चपळ होती हे खरे. पण हाल्सच्या नावाला बाजारात भाव होता, हेही तितकेच खरे. लंडनमध्ये हाल्सचे म्हणून विकल्या गेलेल्या एका चित्राचा वाद कोर्टात गेला. त्यात एक हसरे जोडपे आहे. पुरुष व्हायोलिन वाजवतो आहे, बाईच्या हाती मद्याचा पेला. १८९३ मध्ये हॉफस्टेड द ग्रूट या डच अभ्यासकाने त्यावरची खरी सही ओळखली: आद्याक्षरे आणि चांदणी. वाद तडजोडीने मिटला, चित्राची किंमत कमी करण्यात आली. रंगाचा एक ठिपकाही बदलला नव्हता.

त्याच वर्षी त्याने सात चित्रे तिच्या नावावर केली. आज वॉशिंग्टनमध्ये असलेले तिचे आत्मचित्रही दीर्घकाळ हाल्सचेच मानले जात होते. त्यात ती खुर्चीत मागे वळून, हातात मूठभर कुंचले धरून, ओठ किंचित उघडून आपल्याकडे पाहते आहे, जणू काम थांबवून काही बोलणारच आहे.