लक्षद्वीपला जायचंय? आधी परवाना, मग तिकीट

नकाशावर लक्षद्वीप दाखवलं की वर्गातली मुलं विचारतात, "सर, तिथे जाता येतं का?" येतं, पण तयारी हवी. भंडारा तलावांचा जिल्हा. समुद्र आपल्यापासून लांब. म्हणून पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो मिळण्याआधी तिकिटात पैसे अडकवू नका. जहाज कोचीहून सुटतं, विमान अगत्ती बेटावर उतरतं. उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत तिकडे पावसाळा लागतो, समुद्र खवळतो. त्यापेक्षा दिवाळीची सुट्टी बरी. तिथली बहुतेक वस्ती मुस्लिम आहे. त्यामुळे हलाल जेवण आणि नमाज यांची फिकीर नाही. मुलांना मात्र आधीच बजावा: प्रवाळ तोडणं कायद्याने गुन्हा आहे.