आवक-जावक टेबल: बाहेरच्या ॲप्लिकेशनकडे रिक्वेस्ट कशी वळवायची?

मागच्या व्याख्यानात आपण वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर यांतला फरक पाहिला. आज या दोघांच्या मधे बसणाऱ्या सर्व्हरबद्दल, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सीबद्दल बोलू. त्यातही आपला विषय थोडा वेगळा आहे. ॲप्लिकेशन आपल्याकडे नाही, बाहेर कुणाच्या तरी क्लाउडवर आहे, पण लोकांनी मात्र आपल्याच पत्त्यावरून त्यात जायचं आहे. अशा वेळी मांडणी कशी करायची?

सुरुवात आमच्याच फजितीनं करतो. आम्ही एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळत होतो. प्रवेशअर्जाचं ॲप्लिकेशन बाहेरच्या कंपनीकडे होतं आणि संस्थेच्या साइटवरचा '/प्रवेश/' हा मार्ग आम्ही तिकडे वळवला होता. कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मात्र मुलांना '५०४ गेटवे टाइमआउट' दिसायला लागलं. कंपनी म्हणे, आमच्याकडे सगळं ठीक आहे. आम्ही त्यांचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला तर खरंच उघडत होता! मग बिघाड कुठे? त्याच्याकडे येऊच. आधी काम कसं चालतं ते पाहू.

सरकारी कचेरीतलं आवक-जावक टेबल डोळ्यांसमोर आणा. आलेलं पत्र तिथला कारकून घेतो, कुठल्या विभागाचं ते पाहतो आणि तिकडे पाठवतो. उत्तर येतं तेही याच टेबलावरून, कचेरीच्या नावानं बाहेर जातं. पत्र लिहिणाऱ्याला आतला विभाग कुठे बसतो हे ठाऊक असायची गरज नाही. रिव्हर्स प्रॉक्सी नेमकं हेच करतो. अपाची वेब सर्व्हर १९९५ पासून आहे, एनजिन्क्स २००४ पासून; दोघांतही ही सोय आहे आणि दोघांतही मुख्य सूचनेचं नाव 'प्रॉक्सी पास' असंच आहे. आज उदाहरणं एनजिन्क्सची घेऊ.

पहिली गोष्ट मार्गाची. '/प्रवेश/' हा मार्ग बाहेरच्या पत्त्याला जोडताना त्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश दिला, तर 'प्रवेश' हा भाग गळून पडतो आणि '/प्रवेश/अर्ज' ही मागणी पलीकडे नुसती '/अर्ज' म्हणून पोचते. स्लॅश दिला नाही, तर पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. पलीकडच्या ॲप्लिकेशनला यातलं काय हवं आहे ते आधी विचारून घ्या. एवढ्याशा तिरप्या रेघेपायी '४०४' शोधत तासन्‌तास घालवलेले लोक आम्ही पाहिलेत, त्यांत आम्हीही आहोत.

दुसरी गोष्ट पाकिटावरच्या नावाची, म्हणजे होस्ट हेडरची. क्लाउडमध्ये एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट राहतात, आणि कुणाचं पत्र कुणाला द्यायचं ते या नावावरून ठरतं. एनजिन्क्स आपण होऊन पलीकडच्या सर्व्हरचंच नाव लिहितो. पण अंतर्गत सर्व्हरसाठी लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल आपण उचलतो, तिच्यात बहुधा 'होस्ट म्हणून आमचंच नाव पाठव' अशी ओळ असते. घरच्या सर्व्हरला ती चालते. बाहेरचा सर्व्हर मात्र म्हणतो, या नावाचं इथे कुणी राहत नाही.

एचटीटीपीएस असेल तर हेच नाव टीएलएसची ओळख होतानाही सांगावं लागतं. एनजिन्क्समध्ये ही सूचना मुळात बंद असते, ती चालू करा. पलीकडचं प्रमाणपत्र तपासण्याची सूचनाही मुळात बंदच असते. अंतर्गत जाळ्यात एक वेळ चालून जाईल, पण इथे मुलांची माहिती उघड्या इंटरनेटवरून जाते आहे. समोरचा खरा आहे की तोतया, हे न तपासता ती हवाली करायची का?

तिसरी गोष्ट उत्तराची. लॉगिन झाल्यावर ॲप्लिकेशन 'आता या पत्त्यावर जा' असं सांगतं आणि तिथे स्वतःचा पत्ता देतं. तो बदलला नाही तर माणूस आपल्या दारातून थेट बाहेर पडतो. एनजिन्क्स साध्या मांडणीत हा पत्ता स्वतः बदलतो. अपाचीत 'प्रॉक्सी पास रिव्हर्स' वेगळं लिहावं लागतं. कुकीचा डोमेन आणि मार्ग यांकडेही बघा, नाहीतर लॉगिन टिकत नाही. आणि पानाच्या मजकुरातल्या लिंक यातल्या कशानेही बदलत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

चौथी गोष्ट, मूळ पाठवणारा कोण? पलीकडच्याला सगळ्या मागण्या आपल्या एकाच आयपीवरून आलेल्या दिसतात. त्यांनी दर आयपीला मर्यादा घातली असेल तर एकदम सगळेच अडकतात. म्हणून 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमध्ये मूळ पत्ता पाठवायचा. पण हा हेडर कुणीही खोटा लिहू शकतो. तेव्हा तो फक्त आपल्या सर्व्हरकडून आला तरच खरा मानावा, असं पलीकडच्यांना सांगायला हवं.

आता त्या दुपारकडे वळू. 'प्रॉक्सी पास'मध्ये नाव सरळ लिहिलं असेल, तर एनजिन्क्स त्याचा आयपी सुरू होताना किंवा रीलोड होताना एकदाच विचारून घेतो आणि तोच धरून बसतो. कंपनीनं त्या दिवशी सर्व्हर हलवला होता, आयपी बदलला होता. ब्राउझरनं नवा पत्ता विचारून घेतला, आमचा कारकून मात्र जुन्या घराची कडी वाजवत बसला! एका रीलोडनं सगळं सुरू झालं, पण तोवर दोन तास गेले होते. संस्थेनं मुदत एक दिवस वाढवली म्हणून निभावलं.

कायमचा उपाय असा: 'रिझॉल्व्हर' म्हणून डीएनएस सर्व्हर सांगायचा आणि नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून 'प्रॉक्सी पास'ला द्यायचं. मग पत्ता मुदतीप्रमाणे पुन्हा विचारला जातो. मात्र व्हेरिएबल आलं की मघाचा स्लॅशचा नियम लागू राहत नाही. मार्ग 'रीराइट'नं आपणच कापावा लागतो. त्यामुळे हा बदल केल्यावर सगळे मार्ग पुन्हा तपासा.

आणि एरर दिसली तर आकडा नीट वाचा. '५०२' म्हणजे पलीकडच्यानं जोडणी नाकारली किंवा भलतंच उत्तर दिलं. '५०४' म्हणजे वाट पाहून थकलो. ही वाट मुळात ६० सेकंदांची असते. '४१३' म्हणजे फाइल मोठी आहे, आणि एनजिन्क्सची मूळ मर्यादा फक्त १ एमबी आहे. स्कॅन केलेली गुणपत्रिका तेवढी सहज भरते.

तेव्हा अशी मांडणी कराल तेव्हा पलीकडच्या कंपनीला एक प्रश्न आधीच विचारा: तुमचा पत्ता बदलणार असेल तर आम्हाला कसं कळेल? आम्ही तो विचारला नव्हता. पुढच्या व्याख्यानात दोन-तीन सर्व्हरमध्ये काम कसं वाटायचं ते पाहू.