मिलिमीटरचा हिशेब

गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तरी तो जागेवरच आहे की पसरू लागला आहे, हे ठरवावे लागते. हा रोग बहुधा आधी आजूबाजूच्या भागात आणि ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींत शिरतो; फुप्फुसे, यकृत, हाडे यांची पाळी नंतर येते. त्यामुळे ग्रंथींत पेशी पोहोचल्या असण्याची शक्यता किती, यावर शस्त्रक्रियेचा आवाका ठरतो.

हा अंदाज मिलिमीटरवर चालतो. स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिगो' हिच्या २०१८च्या वर्गीकरणात ३ मिलिमीटरपर्यंत खोल गेलेला रोग सर्वांत खालच्या पायरीवर, ५ पर्यंतचा त्याच्या वरच्या पायरीवर आणि त्याहून खोल गेलेला पुढच्या गटात धरतात. तिथून पुढे गाठीचा आकार पाहतात: २ सेंटिमीटर, मग ४. पण आकार सारखा असूनही दोघींचा धोका वेगळा असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिन्यांच्या पोकळीत कर्कपेशी दिसल्या, तर रोगाला वाट सापडली आहे असे समजतात. तपासणीच्या अहवालात ही नोंद नसेल तर ती मागून घेणे योग्य. एमआरआयमध्ये गाठीचा विस्तार कळतो; ग्रंथीतला बारीक साठा मात्र त्यातून निसटू शकतो. म्हणून काही ठिकाणी रंगद्रव्य टोचून पहिली पहारेकरी ग्रंथी शोधतात आणि तीच काढून तपासतात.

धोका कमी ठरला की शस्त्रक्रियाही आटोपशीर करता येते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शेप' चाचणीत २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फार खोल न गेलेल्या गाठींसाठी साधी आणि मोठी अशा दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना झाली. तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण अनुक्रमे २.५ आणि २.२ टक्के होते. उलट, काढलेल्या ग्रंथींत, कडेला किंवा गर्भाशयाशेजारच्या ऊतींत पेशी आढळल्या, तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि केमोथेरपी देतात.

राळेगणसिद्धीसारख्या गावातल्या बाईला एमआरआयसाठी गावाबाहेर पडावेच लागते. त्याआधीचा अडथळा मोठा आहे: दुखत नाही तोवर कोणी तपासत नाही. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा स्मारक यांनी १,३१,७४६ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात या रोगामागच्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात ३४, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे आक्षेपही घेतले गेले.