अलास्कातील रायफल, काडतूस आणि अस्वल

अलास्कात मूस किंवा कॅरिबू या हरणांच्या शिकारीसाठी रायफल निवडताना केवळ तिच्या ताकदीचा विचार पुरेसा ठरत नाही, कारण तपकिरी अस्वल अंगावर धावून आल्यास तेच शस्त्र जीव वाचवण्यासाठीही वापरावे लागते. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस, ज्यातील गोळीचा व्यास सुमारे ७.८२ मिलिमीटर असतो, तेथे आजही सर्रास वापरले जाते. त्याहून जड गोळीची काडतुसेही मिळतात, मात्र त्यांच्यामुळे दस्त्याचा खांद्याला बसणारा हिसका वाढतो आणि सराव नसलेल्या शिकाऱ्याचा नेम ढळतो.

गोळीची घडणही तितकीच महत्त्वाची असते. शिशाचे टोक उघडे ठेवलेली गोळी लागताच फुलून रुंद जखम करते व जनावर लवकर मरते, तर अस्वलाचे जाड स्नायू व हाडे भेदण्यासाठी सहजासहजी न फुटता खोलवर शिरणारी जड गोळी लागते. बारा बोअरच्या बंदुकीत याच कारणासाठी छर्ऱ्यांऐवजी ‘स्लग’ म्हणजे एकच भरीव गोळी भरतात.

तथापि, मिरचीतील तिखट द्रव्याचा फवारा अलास्कात बहुतेक प्रसंगी अस्वलाला रोखतो, असे २००८ च्या एका अभ्यासात आढळले. शिवाय स्वसंरक्षणार्थ मारलेल्या अस्वलाचे कातडे व कवटी तेथील कायद्यानुसार राज्याकडे जमा करावी लागते. म्हणून जाणकार शिकारी पेलवेल अशी रायफल आणि फवारा अशी दोन्ही साधने जवळ बाळगतो.