कऱ्हेच्या ‘ऱ’ला मंजुरी देतं कोण?

वालचंदनगर! मोबाइलच्या लेखी हे गाव म्हणजे नऊ क्रमांक. व, काना, ल, च, अनुस्वार, द, न, ग आणि र. युनिकोड या जागतिक मानकात यातल्या प्रत्येकाला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. ‘व’चा ०९३५, ‘ल’चा ०९३२, ‘र’चा ०९३०. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येक क्रमांकाला ३ बाइट लागतात, म्हणजे अख्खं वालचंदनगर २७ बाइटांत मावतं. इंदापूरहून पाठवलेलं हे नाव टोकियोतल्या फोनवर जसंच्या तसं उमटतं, कारण दोन्ही फोन एकच खुलं मानक पाळतात. त्या मानकाची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी जी मंजुरीची वाट चालावी लागते, ती भलतीच रंजक आहे.

अर्ज, पुरावे आणि मग मतदान

युनिकोडमध्ये नवं अक्षर हवं असेल तर अर्ज कोणीही करू शकतं. फक्त सोबत पुरावे लागतात. अक्षर कोण वापरतं, कुठे छापलं गेलंय, वर्णक्रमात कुठे बसतं, शेजारच्या अक्षराला जोडलं की काय होतं, सगळं कागदावर दाखवायचं. लिप्यांच्या जाणकारांचा गट आधी अर्जाची चिरफाड करतो. मग वर्षातून चार वेळा बसणारी तांत्रिक समिती निर्णय घेते. तिथे मत असतं ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा सदस्य संस्थांना. ओमानचं धर्मादाय खातंही बरीच वर्षं पूर्ण सदस्य होतं, कारण अरबी लिपी नीट उमटावी ही त्यांची निकड!

एवढ्यावर भागत नाही. युनिकोड आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १०६४६ हे मानक हातात हात घालून चालतात, त्यामुळे तिकडे देशागणिक मतं पडतात. आयएसओत भारताची बाजू भारतीय मानक ब्युरो सांभाळतो. हे सगळं पार पडलं की अल्फा मसुदा, त्यावर लोकांच्या सूचना, मग बीटा मसुदा, पुन्हा सूचना, आणि नंतरच नवी आवृत्ती.

८८ दिवस विरुद्ध काही वर्षं

रुपयाचं ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि ११ ऑक्टोबर २०१० ला आलेल्या युनिकोड ६.० मध्ये ते होतं. ८८ दिवस! मोडी लिपीचं तसं झालं नाही. पेशवे दफ्तरातली लाखो कागदपत्रं जिच्यात आहेत, त्या लिपीचा सविस्तर प्रस्ताव लिप्यांचे अभ्यासक अंशुमन पांडे यांनी २०११ साली मांडला आणि मोडीची ७९ चिन्हं १६ जून २०१४ च्या ७.० आवृत्तीत दाखल झाली. मला यात अन्याय दिसत नाही. चलनाचं चिन्ह एकटं उभं राहतं, त्याला ना काना ना वेलांटी. मोडीत मात्र अक्षरं एकमेकांत गुंततात, आणि त्या गुंत्याचे नियम एकदा चुकले की कायमचे चुकतात.

आत आलेलं बाहेर जात नाही

हा ‘कायमचे’ शब्द अक्षरशः खरा आहे. १९९६ साली युनिकोड २.० मध्ये कोरियन हंगुल अक्षरं एका जागेवरून दुसरीकडे हलवली गेली, जुने मजकूर अडचणीत आले, आणि त्यानंतर नियम झाला की दिलेला क्रमांक पुन्हा हलवायचा नाही, काढायचा नाही. अक्षराचं अधिकृत नावसुद्धा बदलायचं नाही. २००५ साली आलेल्या ४.१ आवृत्तीत एका कंसाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’मधल्या ‘सी’ आणि ‘के’ची अदलाबदल झाली. चूक सगळ्यांना दिसते, तरी ते नाव आजही तसंच आहे. दुरुस्ती शेजारी नोंदवली, मूळ नावाला हात लावला नाही.

वालचंदनगरच्या कारखान्यात ‘चुकलं की कायमचं’ हा धाक नवा नाही. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे ३.२ मीटर व्यासाचे भाग इथे तयार झाले आणि दाबाची चाचणीही इथेच झाली. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून जी तपासणी करायची ती आधीच. अक्षराचंही नेमकं तसंच!

आता कऱ्हा

बारामतीतून वाहणाऱ्या कऱ्हेच्या नावातला तो रफारासारखा न चढता आडवा लवणारा ‘ऱ्’ बघा. वऱ्हाड, कऱ्हाड, दऱ्या, साऱ्या, सगळीकडे तोच. युनिकोडने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी घेतली ती ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या मांडणीवरून. या मानकाचा पुढे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे संगणकांवर खूप प्रसार झाला. इस्कीची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सामाईक होती, म्हणून देवनागरीतही द्राविडी उच्चारासाठी ‘ऱ’ला जागा मिळाली. त्याच ‘ऱ’चं अर्धं रूप म्हणजे आपला कऱ्हेतला ‘ऱ्’, असं ठरलं.

पण २.० आवृत्तीत हेच रूप साधं ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा वाटेनेही लिहायची सोय होती. जुने मजकूर मोडू नयेत म्हणून ती वाटही ठेवली. परिणाम? काही कीबोर्ड पहिली वाट धरतात, काही दुसरी. आचार्य अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ पडद्यावर दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण आत क्रमांक वेगळे. ग्रंथालयाची यादी एका वाटेने भरलेली असेल आणि वाचकाने दुसऱ्या वाटेने शोधलं, तर साध्या शोधात पुस्तक सापडणार नाही. मंजुरीच्या टेबलावर तेव्हा मराठी लिहिणारी चार माणसं जास्त असती तर, असं मला फार वाटतं.

‘ॲ’ आधी तिकडे, मग इकडे

‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’मधला ‘ॲ’ एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याला मराठी वर्णमालेत जागा देणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आला ६ नोव्हेंबर २००९ ला. ‘ल’ आणि ‘श’च्या खास मराठी वळणाला मात्र वेगळा क्रमांक कधीच मिळाला नाही. युनिकोड अक्षर नोंदवतं, वळण नाही. वालचंदनगरचा ‘ल’ मराठी दिसायचा तर मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण हवी, आणि ती ओळखणारा फॉन्टही हवा.

‘जंक्शन’मध्ये अक्षरं किती?

वालचंदनगरजवळच्या जंक्शन गावाचं नाव घ्या. जं, क्श, न. आपण तीन म्हणू. अक्षरं मोजण्याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियम २०२३ पर्यंत चार म्हणायचा, कारण तो जोडाक्षर ‘क्’ आणि ‘श’ असं तोडायचा. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम सुधारला आणि जोडाक्षर अखंड झालं. पहिल्या आवृत्तीपासून ३२ वर्षं!

गुणगुणून होकार

बाकीच्या खुल्या मानकांच्या तऱ्हाही ऐका. इंटरनेटचे नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था मतदान घेत नाही. सभागृहाचा कल बघायचा तर लोकांना गुणगुणायला सांगतात, आणि कुठल्या बाजूचा आवाज दमदार आहे ते अध्यक्ष ऐकतात. जावा या संगणकभाषेच्या जगातल्या जकार्ता ईई मानकाची अट आणखी कडक आहे. नियम कागदावर लिहून चालत नाही, तो पाळणारं निदान एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चाचण्या पार करून दाखवावं लागतं, मगच समितीचं अंतिम मतदान.

आपला वाटा

युनिकोडचाच सीएलडीआर नावाचा खुला प्रकल्प आहे. महिन्यांची नावं, तारखांची मांडणी, अंक कसे दाखवायचे, असा प्रत्येक भाषेचा तपशील त्यात असतो आणि अँड्रॉइडपासून आयफोनपर्यंत तो वापरला जातो. त्यात मराठीसाठी आपोआप दिसणारे अंक १, २, ३ असे देवनागरी आहेत, तर हिंदीसाठी आपोआप दिसणारे अंक इंग्रजी वळणाचे. हा तपशील मतांनी ठरतो. पाहुण्याच्या मताचं वजन १, नेमलेल्या तपासनीसाचं त्याहून जास्त, पण खातं मागायला कुणालाच मज्जाव नाही. नव्या नोंदींची फेरी साधारण वर्षातून एकदा निघते. इंदापूर-बारामतीच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी पुढच्या फेरीत मराठीचं पान उघडून एकेक ओळ वाचावी आणि खटकेल तिथे आपलं मत टाकावं.