सुट्टीच्या गावी आमची ड्यूटी

अमेरिकेत युटाहच्या दक्षिणेला कोडाक्रोम बेसिन नावाचं स्टेट पार्क आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको उन्हाळ्यात इथे कॅम्प होस्ट असतो. पगार नाही. आमच्या आरव्हीला, म्हणजे चाकांवरच्या घराला, जागा, वीज, पाणी फुकट आणि त्या बदल्यात काम. लोक इथे शांततेसाठी येतात. ती रोज कशी राखावी लागते, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.

सकाळी ६.३०
उंची सुमारे ५,८०० फूट, त्यामुळे ऑगस्टातही पहाटे स्वेटर लागतो. चहा उकळेपर्यंत पुण्याला फोन. तिथे संध्याकाळचे सहा. वन्सं विचारतात, "वहिनी, सुट्टीवर आहात की नोकरीवर?" मी म्हणते, "दहा वाजेपर्यंत विचारू नका."

७.३०
रिकाम्या जागांवरच्या शेकोट्या साफ करायच्या. वरून गार दिसणारी राख आत धगधगत असते. पाणी ओतायचं, ढवळायचं, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहायचं, आणि मगच राख बादलीत.

९.००
चौकशीची वेळ. "आज कुठे जावं?" ब्राइस कॅन्यन मोटारीने पाऊण तासाच्या आत. पण तिथला कडा ८,००० फुटांच्या वर, म्हणून जॅकेट न्या; आणि आरव्ही इथेच ठेवून लहान गाडीने जा, मोसमात तिथे मोठ्या गाड्यांना जागा शोधत फिरावं लागतं. ग्रोव्हनर आर्च ही जोडकमान फक्त १६ किलोमीटरवर, पण रस्ता कच्चा. पाऊस पडला की तिथल्या चिकणमातीत फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही घसरते. ज्यांना कुठेच जायचं नसतं, त्यांना पार्कमधले दगडी सुळके दाखवते. १९४८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकची मंडळी इथे आली आणि इथले रंग पाहून त्यांनी कोडॅकच्या फिल्मचं नाव या खोऱ्याला दिलं. पार्क झालं तेव्हा ट्रेडमार्कच्या धास्तीने काही काळ 'चिमनी रॉक' म्हणत. कोडॅकने परवानगी दिल्यावर जुनं नाव परतलं. आता ती फिल्म बाजारात नाही, रंग आहेत तसेच आहेत.

दुपारी १२.००
निघणाऱ्यांची टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशनवर रांग. नवखे लोक सांडपाण्याची ग्रे टाकी आधी सोडतात. हे हातमोजे घालून समजावतात: संडासाची ब्लॅक टाकी आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. घरी फ्लश केल्यावर पाणी कुठे जातं याचा विचार कोणी करत नाही. इथे करावा लागतो.

३.००
नवे येतात. वीज जोडण्याआधी खांबावरचा ब्रेकर बंद करा, हे रोज सांगावं लागतं. तीस अँपिअरवर सुमारे ३,६०० वॉटच मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की अंधार. मग, "मॅडम, पार्कची लाइट गेली?" पार्कची नाही, तुमची.

४.३०
पश्चिमेला ढग. या दिवसांत दुपारनंतर वळिवासारखा पाऊस कोसळतो आणि कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो. आम्ही जागोजागी फिरून सांगतो: आरव्हीच्या ऑनिंग गुंडाळा, अरुंद दऱ्यांत आता उतरू नका. सकाळी आर्चकडे गेलेले परतले का, त्यांच्या गाड्या आल्या की नाही, यावर माझं लक्ष.

८.३०
जळण विकून झालं. पार्कला 'डार्क स्काय'चा, म्हणजे काळोखं आकाश जपण्याचा, दर्जा आहे, त्यामुळे आरव्हीवर लावलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा बंद करायला सांगणं हीही ड्यूटीच. दंड करायचा अधिकार रेंजरला, आम्हाला फक्त गोड बोलायचा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दिवा विझला की आकाशगंगा पाहून त्याच घरातली मुलं आधी ओरडतात.

१०.००
शांततेची वेळ सुरू. नेमका तेव्हाच एक लांबलचक ट्रेलर येतो. हे टॉर्च घेऊन मागे उभे. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे जातं. चालक वैतागलेला, शेजारचे खिडकीतून बघणारे. "अहो, हळू बोला!" मी यांनाच दटावते. अर्ध्या तासाने ट्रेलर जागेवर.

उद्या आमची सुट्टी. लोक इथून ब्राइस पाहायला जातात. आम्ही पँग्विच गावी किराणा भरायला जाणार.